भूकंपताईंची होडी

"आता बघा हं, हे दोन्ही तुकडे एकमेकांपासून दूर जाणार," असं म्हणत भूकंपताईंनी टेबलाचा दांडा फिरवायला घेतला आणि नेमकी त्याच वेळी दालनाच्या पलीकडच्या टोकाला पोरं खदाखदा हसली. ताईंच्या समोरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या. दांडा फिरत होता, प्लॅस्टरचे रंगवलेले दोन भूपट्ट करकरत बाजूला सरकत होते, मधल्या फटीत लाल दिवा लागला होता. पण ते बघायला कुणी नव्हतं.

"इकडे!" ताई म्हणाल्या. "पृथ्वी इकडे फुटतेय."

एरवी या वाक्याला हमखास हशा यायचा. आज पहिल्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी तेवढी कसनुशी हसली, तीसुद्धा दया आल्यासारखी.

विज्ञान संग्रहालयातलं पृथ्वीचं दालन म्हणजे ताईंचं राज्य होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी कुठल्याशा शाळेच्या पोरांनी त्यांना भूकंपताई म्हणून हाक मारली आणि ते नाव असं काही चिकटलं, की खुद्द संचालकसुद्धा त्यांना त्याच नावाने बोलवायचे. मधलं ते टेबल संग्रहालयाच्या मिस्त्रींनी ताईंच्या सांगण्यावरून बनवलं होतं. त्याला तीन दांडे. पहिला फिरवला की भूपट्ट एकमेकांपासून दूर जायचे. दुसरा फिरवला की ते समोरासमोर भिडायचे, एक दुसऱ्याच्या खाली घुसायचा आणि वरच्याच्या काठावर डोंगर उचलला जायचा. तिसऱ्याने ते एकमेकांना खेटून, घासत, एक इकडे आणि एक तिकडे जायचे. मध्येच अडकायचे, आतली स्प्रिंग ताणली जायची आणि मग खाडकन सुटायचे. वर ठेवलेली पत्र्याची चिमुकली घरं धडाधड पडायची. तिथे पोरं किंचाळायची. ताईंना तो किंचाळण्याचा आवाज देवघरातल्या घंटेइतका प्रिय होता.

पण सगळ्यांत गाजलेली होती ती त्यांची होडी. "जमिनीखाली काय आहे? उकळता रस! पातळ, लालभडक. आणि त्यावर आपली ही एवढी मोठी जमीन तरंगतेय, होडीसारखी," असं म्हणत त्या तळहात आडवा धरून असा काही डोलवायच्या, की समोरची पोरं आपसूक डावी-उजवीकडे झुलायला लागायची.

आणि मग नवी आली.

तिलाही नाव होतं. पण ताईंनी ते उच्चारायचंच नाही असं मनाशी ठरवून टाकलं होतं. शाळांची गर्दी वाढली म्हणून संचालकांनी तिला हंगामी घेतली आणि दालनाची रिकामी बाजू तिला दिली. तिथे ना टेबल, ना दिवे, नुसती फरशी. 'काय करणार आहे बिचारी,' असं ताई पहिल्या दिवशी मिस्त्रींना म्हणाल्या होत्या. त्या 'बिचारी'तला गोडवा आठवडाभरसुद्धा टिकला नाही.

नवीने पोरांचेच भूपट्ट केले. अर्धी पोरं एका ओळीत, अर्धी दुसऱ्या ओळीत. "मागे सरका, हळू, अजून हळू, तुमची नखं वाढतात ना, तेवढ्या हळू!" मधल्या मोकळ्या जागेत ती दोन-तीन पोरांना उकिडवं बसवायची आणि सावकाश उभं करायची: खालून नवा खडक येतोय. मग दोन्ही ओळी समोरासमोर चालवायची; एक ओळ वाकून दुसरीच्या हातांखालून जाणार, दुसरी टाचा उंचावून डोंगर होणार. आणि शेवटी खांद्याला खांदा घट्ट लावून दोन ओळी उलट दिशांना. "ढकला, पण सुटायचं नाही! ढकला! आता... सोडा!" की सगळी पोरं एकमेकांवर भेलकांडायची, शिक्षक ओरडायचे आणि दालन डोक्यावर घेतलं जायचं.

"शिस्त म्हणून काही नाही," ताई चहा पिताना मिस्त्रींना म्हणाल्या. "एखाद्याचं डोकं फुटेल तेव्हा कळेल."

"पोरं मजा करतात पण," मिस्त्री म्हणाले आणि ताईंचा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाले, "टेबल ते टेबलच म्हणा."

पुढच्याच आठवड्यात ताई चष्मा घरी विसरल्या. नवरा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचा; चष्म्याच्या बाबतीत तो फार हळवा. दुपारच्या सुट्टीत तो स्वतः चष्मा घेऊन संग्रहालयात आला. ताईंची तुकडी नुकतीच बाहेर पडली होती. त्यांनी पाहिलं तर नवरा दालनाच्या दाराशी उभा, चष्म्याची डबी छातीशी धरलेली, आणि टक लावून नवीकडे बघतोय. पोरं खांद्याला खांदा लावून ढकलत होती आणि हा गृहस्थ स्वतःचाही खांदा पुढे काढून उभा होता! नवी "सोडा!" म्हणाली तेव्हा तो लहान मुलासारखा हसला.

"अहो!" ताई मागून म्हणाल्या.

"अगं, काय छान सांगते गं ही पोरगी! मला आज पहिल्यांदा नीट कळलं. ते अडकून राहतात म्हणून धक्का बसतो, होय?"

"मी काय इतकी वर्षं घरात दुसरं सांगतेय?"

"तसं नव्हे गं. तूही सांगतेसच की," नवरा म्हणाला आणि डबी पुढे केली.

त्या 'तूही'ने ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी भांडी अशी आपटली, की नवऱ्याने आपण होऊन ती विसळायला घेतली.

तेव्हापासून ताईंचा एक कान नवीच्या बाजूला असायचा. चूक सापडायला हवी होती. एवढीशी, पण सगळ्यांना दिसेल अशी. ती चूक एका मुलीने हातात आणून दिली. तुकडीच्या मागे रेंगाळलेली ती मुलगी ताईंची होडी ऐकून म्हणाली, "पण त्या ताई तर म्हणाल्या, खाली पातळ रस नसतो. दगडच असतो."

"काय म्हणाल्या?"

"दगड. घट्ट. फक्त खूप तापलेला, म्हणून अगदी हळूहळू सरकतो. पातळ कुठेकुठेच होतो म्हणाल्या."

ताईंना एवढा आनंद झाला, की त्यांनी त्या मुलीच्या गालाला हात लावला. दगड म्हणे! दगडावर दगड कसा सरकेल? मग ज्वालामुखीतून काय सरबत येतं? चहासुद्धा न घेता त्या तडक संचालकांच्या खोलीत गेल्या.

वेळही नेमकी होती. दालनाला नवे रंग-दिवे व्हायचे होते आणि त्यानंतर पाहुण्यांसमोर एक मोठं प्रात्यक्षिक. ते कोण करणार हे संचालकांनी अजून सांगितलं नव्हतं. न सांगण्यातच ताईंना काय ते कळत होतं.

"मला कुणाची तक्रार करायची नाही, सर," ताईंनी सुरुवात केली. "पण पोरांच्या डोक्यात चुकीचं भरलं जातंय. उद्या एखाद्या शाळेने आपल्यालाच विचारलं तर?"

संचालक हिशेबनीस म्हणून लागून वर चढलेले. पृथ्वीच्या पोटात काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी नवीला बोलावून घेतलं.

"तुम्ही खाली दगड आहे म्हणून सांगता? भूकंपताई म्हणतात, रस आहे."

नवीने एकदा ताईंकडे बघितलं. ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी पुन्हा बघून घेते, सर," ती म्हणाली.

"बघून घ्या. ताई अनुभवी आहेत. आणि ताई, पाहुण्यांसमोर तुम्हीच करा. उगाच गोंधळ नको."

ताई बाहेर आल्या त्या तरंगतच. घरी जाताना त्यांनी नवऱ्याच्या आवडीची बिस्किटं घेतली. सगळी हकिगत रंगवून सांगितली. संचालकांचा आवाज काढला, नवीचा पडलेला चेहरा करून दाखवला. नवरा बिस्किट बुडवता बुडवता ऐकत होता.

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? पुन्हा बघते म्हणाली. चूक पकडल्यावर माणूस दुसरं काय बोलणार?"

"नाही म्हणजे," नवरा म्हणाला, "एवढी तोंडाळ पोरगी आहे. पोरांना कशी हुकूम सोडते. ती अशी गप्प कशी बसली?"

"तुम्हाला तिचा फारच पुळका आलाय."

"मला कसला पुळका? आपलं वाटलं म्हणून विचारलं."

ताईंनी बिस्किटांचा डबा उचलून आत नेऊन ठेवला. पण त्याने विचारलेलं मनातून काही हलेना.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी दालन ओळखू येत नव्हतं. भिंती निळ्या, टेबलावर वरून प्रकाशझोत. मिस्त्रींनी दांड्यांना तेल घातलं होतं, करकर बंद. समोर खुर्च्यांवर पाहुणे, खाली सतरंजीवर एका शाळेची मुलं. प्रमुख पाहुण्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. पिकल्या केसांच्या, लहानखुऱ्या, पायांत जाड तळाचे बूट. नवी सर्वांत मागे, खुर्च्या कमी पडल्या म्हणून दाराशी उभी.

आणि ताईंनी त्या दिवशी कमाल केली. खरं सांगायचं तर इतकं मन लावून त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. तिन्ही दांडे, तिन्ही सीमा. दूर जाणाऱ्या, भिडणाऱ्या, घासत जाणाऱ्या. घरं पडली तेव्हा पाहुण्यांतलेसुद्धा दचकले. शेवटी त्यांनी तळहात आडवा धरला, आवाज खाली आणला आणि होडी डोलवली. सतरंजीवरची रांग डोलली. टाळ्या झाल्या. ताईंनी दाराकडे बघितलं. नवीही टाळ्या वाजवत होती.

मग प्राध्यापकबाई बोलायला उठल्या. आधी त्यांनी टेबलाचं कौतुक केलं, मिस्त्रींना उभं राहायला लावलं. ताईंच्या सांगण्याचंही केलं. मग मुलांकडे वळून, अगदी सहज, म्हणाल्या, "एक गंमत सांगते हं. आपल्या सगळ्यांना वाटतं, की खाली नुसता पातळ रस भरलाय. मलाही तुमच्याएवढी असताना तसंच वाटायचं. पण तसं नाहीये. भूपट्टांच्या खाली आहे तो दगडच. घट्ट. तुम्ही डांबर पाहिलंय ना, रस्त्याचं? गार डांबराच्या ढेकळावर हातोडा मारला तर फुटतं ते. आणि तेच ढेकूळ तसंच ठेवून दिलं तर कालांतराने आपल्या आपण पसरतं. खालचा दगडही साधारण तसा. घट्ट असूनही वाहतो, फक्त फार फार सावकाश. वितळतो तो थोडासा, ठरावीक ठिकाणी. भूपट्ट दूर जातात तिथे, किंवा एक दुसऱ्याखाली जातो तिथे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी ताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. बहुधा प्रत्येक ठिकाणी त्या हेच सांगत असाव्यात. पाहुण्यांपैकी कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. संचालक मान डोलवत होते, होडीलाही त्यांनी तशीच डोलवली होती. त्या एवढ्या माणसांत ताईंची चूक कुणालाही दिसली नव्हती.

एकीला सोडून. ताईंनी दाराकडे पाहिलं तेव्हा नवी त्यांच्याकडेच बघत होती, आणि नजर मिळताच तिने चटकन खाली बघितलं.

चोरी पकडली गेली असती, तर एक वेळ बरं वाटलं असतं. हिला ठाऊक होतं. त्या दिवशी खोलीतही ठाऊक होतं, आणि ही गप्प बसली होती. आता काय, चांगुलपणातही हीच पुढे? पोरांचं हसणं हिचं, टाळ्या हिच्या, नवऱ्याचं कौतुक हिचं, आणि वर हे मोठं मनही हिचंच! ताईंना वाटलं, पोरीने त्या दिवशी चारचौघांत तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं. निदान तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता.

पाहुणे गेले. नवी सतरंजी गुंडाळत होती. ताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला माहीत होतं."

नवी वाकलेलीच राहिली. "हो."

"मग बोलली का नाहीस? माझ्यावर उपकार केलेस?"

"उपकार?" नवी सरळ झाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून ताई चपापल्या. "ताई, मी हंगामी आहे. सर तुमचं ऐकतात. तुमच्याशी वाकडं घेतलं तर मला कोण ठेवणार इथे? घरी मी एकटीच कमावते. मी घाबरले. दुसरं काही नाही."

"मला? मला घाबरलीस?"

"सगळेच घाबरतात," नवी म्हणाली. "तुमचा चहा झाल्याशिवाय मिस्त्रीकाका माझ्या बाजूला एक दिवासुद्धा लावून देत नाहीत. त्या दिवसापासून मी पोरांना खालचं काही सांगतच नाही. नुसत्या ओळी करते."

इतके महिने आपल्याला कुणी तरी कोपऱ्यात ढकलतंय असं समजून त्या जीव खाऊन रेटत होत्या. आणि समोर ही, भिंतीला पाठ लागलेली. त्यांनी सतरंजीचं दुसरं टोक उचललं. दोघींनी ती गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

दुसऱ्या दिवशी ताई संचालकांकडे गेल्या. "सर, ती दगडाची गोष्ट बरोबर होती. चूक माझी होती."

"अहो जाऊ द्या ताई, कुणाच्या लक्षातही आलं नाही."

"माझ्या आलंय ना." त्या दाराशी घुटमळल्या. "आणि तिला पक्की करा. सांगते चांगलं. पोरांना... आवडते."

त्यांना वाटलं होतं, एवढं केल्यावर आत थोडं शांत होईल. झालं नाही. नवीच्या बाजूने हशा आला, की अजूनही तो त्यांना झोंबायचाच. आता तर रागावायला कारणही उरलं नव्हतं, त्यामुळे ते झोंबणं अधिकच लागायचं. आणि स्वतःच्या टेबलाशी त्या अडखळायला लागल्या होत्या. "जमिनीखाली काय आहे?" इथपर्यंत गाडी नेहमीसारखी धावायची. मग तळहात सवयीने आडवा व्हायचा आणि तसाच हवेत राहायचा. डांबराचं सांगून पाहिलं. पोरांना डांबराशी काही देणंघेणं नव्हतं.

एके दिवशी एक शिक्षक आपला वर्ग घेऊन आले. चाळिशीचे, टक्कल पडू लागलेले, हसरे. दालनात पाऊल टाकल्याबरोबर ते ताईंकडे धावतच आले.

"भूकंपताई! ओळखणं शक्य नाही तुम्हाला, पण मी सहावीत असताना इथे आलो होतो. या टेबलापुढे बसलो होतो, तिथे. तुमच्यामुळे भूगोल घेतला मी." ते वर्गाकडे वळले. "मुलांनो, मी ज्यांचं सांगतो ना, त्या याच. काय बरं आहे जमिनीखाली?"

"उकळता रस!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"आणि जमीन कशी आहे?"

"होडीसारखी!" आणि सगळ्यांनी तळहात आडवे धरून डोलवले. नेमके ताईंसारखे, मनगट किंचित आत वळवून.

ताई बघत राहिल्या. आयुष्यभर ज्याच्यासाठी त्यांनी जीव टाकला, ते सगळं समोर उभं होतं. इतके हात. आणि या शिक्षकांचे जुने वर्ग, आणि त्या काळी त्यांच्या शेजारी बसलेले इतर, ते कुठे कुठे गेले असतील आणि कुणाकुणाला सांगत असतील. आत्ता गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? माणूस एवढ्या प्रेमाने आलेला.

"सर," ताई म्हणाल्या, "ते चूक आहे."

"काय?"

"होडी. खाली रस नाही, दगड आहे. घट्ट असतो, पण सावकाश सरकतो. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मला स्वतःला आत्ता आत्ता कळलं."

शिक्षकांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, त्याला जायला वाट सापडेना. मुलांचे हात एकेक करून खाली आले.

"पण होडी छान होती हो," ते अखेर म्हणाले.

"छान होती," ताई म्हणाल्या. "खरी नव्हती."

"मग मी आता यांना काय सांगू?"

ताईंनी टेबलावर हात ठेवला. पहिला दांडा हाताशी होता. सांगता आलं असतं त्यांना, अडखळत का होईना. त्यांनी दालनाच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. नवी एकटीच होती, पुढच्या तुकडीची वाट बघत.

"थांबा," असं म्हणून ताई तिकडे चालत गेल्या. इतक्या महिन्यांत त्या बाजूला त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी नवीला नावाने हाक मारली. नवी दचकली.

"माझ्याकडे एक वर्ग आहे. त्यांना खालचं नीट सांगायचंय. सगळं सांग, दगडापासून. तू सांगतेस ते कळतं."

नवी मुलांसमोर उभी राहिली. सुरुवातीला आवाज बारीक निघाला, तिने एकदा ताईंकडे बघितलं, ताईंनी नुसतं "हं, चालू दे," म्हटलं, आणि मग पोरगी सुटली. ताई मागे जाऊन मुलांमध्येच उभ्या राहिल्या. शिक्षक त्यांच्या शेजारी, हाताची घडी घालून. नवी सांगत होती आणि पुढची मुलं भान हरपून ऐकायला लागली होती. ते ताईंना पूर्वीसारखंच झोंबलं, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. शेजारचा एक मुलगा मित्राच्या कानाशी कुजबुजत होता. ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शू," त्या हळूच म्हणाल्या. "ऐक."